बारा जणांतली एक

जेवणं आटोपली तरी टेबलावरून कुणी उठेना, तेव्हाच डेझीला कळलं की आता ते बोलणं निघणार. मैद्याचे तळलेले गोल फुगे संपले होते, बॉटल मसाल्याच्या कोंबडीचा रस्सा तेवढा भांड्याच्या तळाशी उरला होता. पोरं तो एरवी पुसून खायची. आज त्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी दुबईतल्या त्यांच्या चर्चच्या ऑफिसातून फोन आला होता. फादर तापाने अंथरुणाला खिळले होते, त्यामुळे उद्याचे सगळे बाप्तिस्मे पुढच्या शनिवारी होणार होते. बाकीच्यांना त्याचं फार काही नव्हतं. अल ऐनहून आलेला डेझीचा दीर फ्रेडी म्हणाला, मी परत येईन, दोन तासांचा तर रस्ता. अडचण होती डेझीच्या लेकीची, शेनॉनची. भावाच्या, लेस्टरच्या, चार महिन्यांच्या मुलीची, छोट्या कॅमिलाची ती धर्ममाता व्हायची होती आणि सोमवारी तिचं टोरंटोचं विमान होतं.

"तिकीट बदल, खलास," लेस्टर बहिणीला म्हणाला. "पेनल्टी मी भरतो."

"पेनल्टीचा प्रश्न नाही, लेस." शेनॉन ताटातल्या हाडाशी खेळत होती. "गुरुवारी मला कोर्टात जायचंय. आय टोल्ड यू."

"हे ज्युरीचं ना? अगं, पुढे ढकल."

"एकदा ढकललंय. मागच्या वेळी ऑफिसचं कारण दिलं होतं. आता खरंखुरं कारण लागतं."

"मग खरंखुरं देऊ." लेस्टर आईकडे वळला. "मम्मी, तुझ्या क्लिनिकच्या डॉक्टरांना सांग. बॅक पेन, प्रवास करायचा नाही. एक ओळ लिहायला त्यांना किती वेळ लागतो?"

डेझी अल मनखूलच्या त्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होती. शाळा बुडवलेल्या पोरांना आणि सुट्टी संपली तरी वसईतून न परतलेल्या नवऱ्यांना अशा एकेक ओळी तिने डॉक्टरांकडून मिळवून दिल्या होत्या. त्यात तिला कधी काही वाटलं नव्हतं. लेकीला आणखी आठ दिवस घरात ठेवायचं तर ती डॉक्टरांच्या घरी जाऊन बसली असती. तिने फोन हातात घेतला.

"मम्मी, नको," शेनॉन म्हणाली.

"अगं, कुणाचं काय जातंय त्यात?"

"मला खोटं बोलून सुटायचं नाहीये."

फोन डेझीच्या हातातच राहिला. मुलगी कॅनडाची नागरिक झाली तेव्हा तिने आनंदाने शेजाऱ्यांना केक वाटला होता, पण त्या नागरिकपणातून हे असलं काही निघेल याची तिला कल्पना नव्हती. शेनॉनने आल्या दिवशीच समजावून सांगितलं होतं. मोठा गुन्हा असला की तिथे खटला ऐकायला साधी माणसं बसवतात, बारा जण. कुणी बस चालवणारा, कुणी शाळेतली बाई, कुणी दुकानदार. त्या बारा जणांनी दोन्ही बाजूंचं सगळं ऐकायचं आणि एकमताने सांगायचं, या माणसाने हे केलं की नाही. कायद्याचं काय ते जज बघतो, पण केलं की नाही हे ठरवणार ते बारा जण.

"न्याय करणं देवाचं काम," डेझी म्हणाली. "उद्या तुझ्या एका शब्दाने कुणी जन्मभर आत गेला तर झोप लागेल तुला?"

"आणि माझ्या न जाण्याने गेला तर?"

 डेझी फोन बाजूला ठेवून उगाच ताटं गोळा करायला लागली.

*

डेझीचा नवरा बर्नार्ड टेबलाच्या टोकाला बसून हे सगळं ऐकत होता. दुबईत त्याचं उभं आयुष्य हॉटेलच्या रिसेप्शनमागे गेलं होतं आणि या शहरात राहण्याचा त्याचा एकच नियम होता. आपण बरं, आपलं काम बरं. शेजारी भांडण झालं की दार लावून घ्यायचं. रस्त्यात अपघात दिसला की कोपऱ्यावरून वळायचं. या नियमावर त्याने दोन मुलं शिकवली होती आणि वसईत घर बांधलं होतं. विशेष म्हणजे व्हिसाला कधी धक्का लागू दिला नव्हता.

"आपल्या इंडियातपण होती ती ज्युरी," तो म्हणाला. "बंद केली. का केली? लोकांना अक्कल असते का? वकील चांगला बोलला की इकडे, दुसरा रडला की तिकडे. जजला त्याचा पगार मिळतो ना? त्याला करू दे की."

"डॅडी, एकटा माणूस चुकू शकतो. म्हणून बारा लागतात."

"बारा गाढवं चुकत नाहीत?"

मिहिका हसली. ही लेस्टरची बायको अजून या घरातल्या वादांत जपूनच बोलायची. तीही मराठीच, पण हिंदू घरातली, दुबईतच जन्मलेली. सासऱ्यांसमोर किती बोलावं याचा अंदाज ती अजून घेत होती. मांडीवरच्या कॅमिलाला थोपटत ती म्हणाली, "डॅडी, आमच्या ऑफिसात चौकशीचं पॅनेल असतं. मी एचआरमध्ये आहे ना, माणसं मलाच गोळा करावी लागतात. सिलिकॉन ओएसिसच्या टेक पार्कमध्ये एवढे हुशार लोक आहेत आमच्याकडे, पण पॅनेलवर बसायला सांगितलं की प्रत्येकाची नेमकी त्याच वेळी मीटिंग असते. शेवटी ज्याला नाही म्हणता आलं नाही, तो येऊन बसतो. आणि लवकर संपवा म्हणतो."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?" लेस्टरने विचारलं.

"मी फक्त काय होतं ते सांगतेय."

"आपल्या मुलीचा बाप्तिस्मा आहे, मिहिका!" लेस्टर खुर्ची मागे सारून उठला. "आमचं लग्न झालं तेव्हा ही नव्हती. फ्लाइट्स बंद होत्या, ओके. कॅमिला झाली तेव्हा नव्हती, ऑफिस होतं, ओके. आता कोर्ट आहे. कायम काहीतरी असतं. एव्हरी सिंगल टाइम." तो बाल्कनीत गेला आणि मागे काचेचं दार ओढून घेतलं.

शेनॉनचे डोळे भरले. बर्नार्डला वाटलं, आता पोरगी ऐकेल. त्याने आवाज मऊ केला. "बघ बेटा. कोर्टाची पायरी कुणी आपणहून चढतं का? तिथे गुंड असतात, त्यांची माणसं असतात. तुझा चेहरा बघून ठेवतील. तू एकटी राहतेस तिथे. उगाच दुसऱ्याच्या भानगडीत का पडायचं?"

"डॅडी, मी पण घाबरलेय," शेनॉन म्हणाली. "तुम्हाला वाटतंय मी फार शूर आहे. कालपर्यंत मी नेटवर हेच शोधत होते, कसं सुटायचं. सुटायला खूप कारणं मिळतात. सगळे तेच करतात. माझ्या ऑफिसातले सगळे म्हणाले, काहीतरी सांग आणि मोकळी हो."

"मग?"

"मग मला वाटलं, जे जे सुटू शकतात ते सगळे सुटले तर तिथे उरणार कोण?" तिने नाक पुसलं. "आणि अजून एक. मी इथे जन्मले, इथे शिकले. इथे माझं सगळं छान झालं, पण कुणी कधी मला विचारलं नाही की शेनॉन, तुला काय वाटतं. विचारायचं कारणच नव्हतं, आपण पाहुणे. वसईत गेलं की मी दुबईवाली. कॅनडात मी शपथ घेतली आणि पहिल्यांदा कुणीतरी बोलावलं, ये, बस, ऐक, आणि तुला काय वाटतं ते सांग. आणि मी काय सांगू, माझी पाठ दुखते?"

 बर्नार्ड काही बोलणार एवढ्यात समोरून फ्रेडीने घसा खाकरला.

*

फ्रेडी बोलायचा नाही, ही त्याची घरातली ओळख. अल ऐनच्या एका हॉटेलात तो बँक्वेट मॅनेजर होता, बायको वसईत, आणि भावाच्या घरी यायचा तो सणासुदीला. आला की जेवायचा, पोरांना खाऊ द्यायचा आणि जायचा. म्हणून त्याने "लेस्टरला आत बोलाव," असं म्हटल्यावर डेझीने ताटं तशीच ठेवून बाल्कनीचं दार उघडलं. लेस्टर आला, पण बसला नाही.

"तुम्ही लहान होतात तेव्हाची गोष्ट आहे," फ्रेडी म्हणाला. "मी आणि दादा तेव्हा दुबईत एकाच हॉटेलात होतो. ते हॉटेल आता नाही. दादा रिसेप्शनला, मी बँक्वेटमध्ये, लग्नाच्या हॉलात, वाढणाऱ्यांचा कॅप्टन. एका लग्नात एका लहान मुलाच्या खाण्यात बदाम गेले. त्याला ते चालत नव्हते. माझ्याच टेबलावर. डोळ्यांसमोर त्याचा चेहरा सुजला, श्वास लागेना. हॉस्पिटलात नेलं. वाचला, देवाची कृपा. पण त्याच्या आईचं ओरडणं अजून माझ्या कानात आहे."

शेनॉनने मान वर केली. हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

"शेफ म्हणाला, मी फ्रेडीला सांगितलं होतं, त्या टेबलाला बदाम नकोत. मी म्हणालो, मला कुणी सांगितलं नाही. आता कोण खोटं बोलतंय? तो मोठा शेफ, बोलायला फर्डा. मला धड इंग्रजी येत नव्हतं. घाबरलं की तेही बंद. मॅनेजमेंटने तीन जणांची कमिटी बसवली, दुसऱ्या डिपार्टमेंटची माणसं. त्यातला एक सारखा घड्याळ बघत होता. दुसऱ्याला त्या दिवशी सुट्टीवर जायचं होतं, बॅग तिथेच दाराशी ठेवलेली. दोघं म्हणाले, क्लिअर केस आहे, सही करा."

बर्नार्डने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. त्या सकाळी कमिटीच्या खोलीबाहेर तो फ्रेडीला काय म्हणाला होता, ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. वाद घालू नकोस, राजीनाम्यावर सही कर आणि गावी जा, नाहीतर दोघांची नोकरी जाईल. फ्रेडी आता तेही सांगेल म्हणून तो वाट पाहत राहिला.

"तिसरी एक इजिप्शियन बाई होती," फ्रेडी पुढे बोलू लागला. "एमान नाव. परचेसमध्ये होती. मी तिला ओळखत नव्हतो, ती मला ओळखत नव्हती. ती म्हणाली, माझी मुलगी शाळेच्या गेटवर उभी असेल, मलापण घाई आहे, पण मला अजून समजलेलं नाही आणि समजल्याशिवाय मी सही करणार नाही. तिने मुलीला आणायला कुणाला तरी फोन केला. मग मला म्हणाली, तुझ्या भाषेत बोल. माझं हिंदी समजावून सांगायला कुणालातरी बोलावलं. मी बोललो. ती म्हणाली, यल्ला, चला, हॉलमध्ये जाऊ. तू कुठे उभा होतास ते दाखव."

"मग?" मिहिकाने विचारलं.

"गेलो. मी माझ्या जागेवर उभा राहिलो. शेफला तिने किचनच्या खिडकीशी उभं केलं. म्हणाली, त्या दिवशी जसं सांगितलंस तसं सांग. मग तिची नजर त्या खिडकीशेजारी गेली. तिथे भिंतीवर बँडच्या स्पीकरसाठी जागा होती. तिने विचारलं, लग्नात बँड होता का? होता. मग लावा. स्पीकर लावला, शेफ ओरडला, आणि आम्हा कुणालाच काही ऐकू आलं नाही. त्या घड्याळवाल्यालापण नाही."

"म्हणजे शेफने सांगितलं होतं," लेस्टर हळूच म्हणाला.

"सांगितलं होतं. आणि मी ऐकलं नव्हतं. दोघंही खरं बोलत होतो." फ्रेडीने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "कुणाचीच नोकरी गेली नाही. त्यानंतर त्या हॉटेलात असल्या ऑर्डरी तोंडी द्यायच्या नाहीत असा नियम झाला. पण मला सांगायचंय ते वेगळंच. ती बाई माझ्या बाजूची नव्हती. लोकांना वाटतं तिने फ्रेडीला वाचवलं. नाही. चूक माझी असती तर तिने तसंही लिहिलं असतं आणि मला ते पटलं असतं, कारण तिने ऐकून घेतलं होतं. पुढे एकदा लिफ्टमध्ये भेटली. हाऊ आर यू म्हणाली आणि तिच्या मजल्यावर उतरली. बस, एवढंच."

तो शेनॉनकडे वळला. "गुरुवारी तिथे जो कुणी उभा असेल, त्याने गुन्हा केलाय की नाही मला माहीत नाही. तुलाही नाही. पण त्या खोलीत दाराशी बॅग ठेवून बसलेली माणसं पुष्कळ असतील. समजल्याशिवाय सही करणार नाही म्हणणारी एक तरी असू दे."

फ्रेडीचं बोलणं संपलं होतं. बर्नार्डचं नाव त्यात आलंच नव्हतं. बर्नार्डने धाकट्या भावाकडे पाहिलं. फ्रेडीने त्याच्याकडे पाहिलं नाही, तो टेबलावरचे पावाचे कण बोटाने एका जागी गोळा करत होता. मुलांसमोर आपल्याला त्याने सांभाळून घेतलं, हे बर्नार्डला समजलं आणि त्याला उठून कुठेतरी जावंसं वाटलं. पण तो बसून राहिला.

डेझीने फोन उचलून पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढली.

*

लेस्टर पुन्हा बाल्कनीत गेला, तेव्हा शेनॉनही त्याच्यामागे गेली. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी लावायला जागा शोधत गोल गोल फिरत होतं. ऊन अजून चटके देत होतं.

"स्टिल मॅड?" तिने विचारलं.

"ऑफ कोर्स." तो कठड्यावर वाकून उभा होता. "पण आता तुझ्यावर नाही. माझ्यावरच. पाठ दुखते म्हणून लिहून आण म्हणालो, आणि आत माझी मुलगी झोपलीय."

"तुला मी हवी होते म्हणून म्हणालास."

"हो." तो तिच्याकडे वळला. "शॅन, तू धर्ममाता हवीस असं मीच ठरवलं. मिहिकाच्या आईने विचारलं, ती तर इथे नसतेच. मी म्हणालो, नसते, पण जिथे उभी राहील तिथे नीट उभी राहील. आता तू तेच करतेयस आणि मी आरडाओरडा करतोय."

शेनॉन हसली आणि तिला रडूही आलं. लेस्टरने तिला एका हाताने जवळ ओढलं. "पण मग बाप्तिस्म्याचं काय? मला दुसरी कुणी धर्ममाता नकोय."

उत्तर आतून आलं. बर्नार्ड दारात उभा होता, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात फोन. "चर्चच्या ऑफिसात बोललो," तो म्हणाला. "धर्ममाता हजर नसेल तर तिच्या जागी कुणी प्रॉक्सी म्हणून उभं राहिलेलं चालतं. रजिस्टरमध्ये नाव शेनॉनचंच. फादर हो म्हणालेत."  मग मागे वळून त्याने मोठ्याने विचारलं, "फ्रेडी, तू उभा राहशील?"

"मी?" आतून फ्रेडीचा आवाज आला. "धर्ममातेच्या जागी पुरुष?"

"ते पण विचारलं. चालतं."

"मग सूट शिवायला टाकायला पाहिजे," फ्रेडी म्हणाला, आणि डेझी इतकी मोठ्याने हसली की कॅमिला दचकून जागी झाली.

सोमवारी शेनॉनला विमानतळावर सोडायला बर्नार्ड एकटाच गेला. वाटेत त्याने तिला तीनदा सांगितलं की थंडीत कान झाकत जा. गाडीतून बॅग उतरवताना म्हणाला, "सगळं नीट ऐक. आणि समजलं नाही तर विचार. लाजू नकोस."

"जजला विचारता येतं, डॅडी. लिहून द्यायचं."

"मग लिहून दे." त्याने बॅग तिच्या हातात दिली. "घाई करू नकोस कुणाच्या बाबतीत."

*

शुक्रवारी सकाळी डेझीच्या फोनवर मेसेज आला. शेनॉनची निवड झाली होती. शेकडो लोकांना बोलावलं होतं, कितीतरी जण काही ना काही सांगून घरी गेले, आणि ती बारा जणांत बसली. सोमवारपासून खटला सुरू. याच्यापलीकडे मी काही सांगू शकत नाही, असं तिने लिहिलं होतं, खाली एक हसरा चेहरा. डेझीने तो मेसेज क्लिनिकच्या डॉक्टरांनाही दाखवला.

शनिवारी चर्चच्या आवारात मिहिकाचे आईवडील, संजय आणि उर्मिला, वेळेआधीच येऊन थांबले होते. संजयला कुणीतरी शेनॉनच्या ज्युरीचं सांगितलं होतं, आणि खटल्याच्या गोष्टी त्याला फार आवडायच्या.

"बर्नार्डभाऊ, ऐकलं मी, अभिनंदन! केस कसली आहे? मर्डर?"

"माहीत नाही," बर्नार्ड म्हणाला.

"अहो, तुम्हाला सांगितलं असेल की. घरच्यांना सांगतातच. मी काय कुणाला बोलणार आहे?"

"ती सांगणार नाही, संजयराव. आणि आम्ही विचारणार नाही." बर्नार्डने हे इतक्या ताठ मानेने सांगितलं की शेजारी उभ्या असलेल्या डेझीने नवऱ्याकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत बातमी आपल्याकडे नाही याचा अभिमान बाळगताना तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. "निकाल लागेपर्यंत तिला फोनवर फक्त जेवलीस का एवढंच विचारायचं, असं मी घरात सगळ्यांना सांगितलंय."

आत घंटा वाजली. फ्रेडी नव्या सुटात घामाघूम झाला होता. लेस्टरने कॅमिलाला त्याच्या हातात दिलं तेव्हा त्याने तिला दोन्ही हातांनी गच्च धरलं. मिहिका त्याच्या कानाशी म्हणाली, "अंकल, थोडं सैल. रडेल ती."

फादर तापातून उठले असले तरी आवाज अजून बसलेला होता. बर्नार्ड पहिल्या बाकावरून उठून पुढे आला आणि भावाशेजारी उभा राहिला. तिथे त्याचं काही काम नव्हतं, पण कुणी त्याला मागे जायला सांगितलं नाही.

"या बाळाची धर्ममाता कोण?" फादरांनी विचारलं.

"शेनॉन," फ्रेडी म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने. "शेनॉन तुस्कानो. ती दुसऱ्या एकाचं ऐकायला तिकडे बसणार आहे, म्हणून इथे मी उभा आहे."

फादरांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पाण्याचं भांडं हातात घेतलं.